खिचडीवर चमचाभर तीळ, साडेअकराचं ऊन: मराठवाड्यातल्या आठ जिल्हा परिषदांना खुलं पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व जिल्हा आरोग्य अधिकारी,
मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदा,
आणि गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष व सदस्य.

विषय: पहिली ते आठवीच्या मुलांची हाडं, पाठीचा कणा आणि शाळेतली थाळी.

सप्रेम नमस्कार.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाच्या वाट्याला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल येतं. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे १५०, ३०, ७५ आणि साडेसात आहेत. योजनेच्या निकषात ऊर्जा ठरलेली आहे, ४५० आणि ७०० किलोकॅलरी. प्रथिनं ठरलेली आहेत, १२ आणि २० ग्रॅम. कॅल्शियमचा आकडा मात्र कुठेच नाही, म्हणून तो आम्ही मांडून पाहिला. शंभर ग्रॅम तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम, वीस ग्रॅम तूरडाळीत १५, आणि बटाटा-कांदा-टोमॅटोची पन्नास ग्रॅम भाजी धरली तर आणखी १०. म्हणजे पूर्ण थाळीत ३५ ते ५० मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५०, १० ते १२ ला ८५० आणि १३ ते १५ ला १००० मिलिग्रॅम लागतात. दिवसातलं मुख्य जेवण गरजेचा जेमतेम पंधरावा ते विसावा हिस्सा भरतं.

उरलेलं घरी भरून निघतं असं कुणी म्हणेल, तर घरची थाळीही पाहू. ज्वारीची भाकरी, वरण किंवा पिठलं, ठेचा, आणि दोन वेळा चहा. ज्वारी पोटाला आधार देणारं धान्य खरं, पण तिच्यात शंभर ग्रॅमला २५-३० मिलिग्रॅमच कॅल्शियम असतं. दावणीला म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं उरतं. त्यामुळे शाळेची थाळी हे आपल्या हातातलं एकमेव जेवण आहे, आणि हे पत्र त्या थाळीबद्दल आहे.

वयाचा मुद्दा इथे सगळ्यात मोलाचा. मोठ्या माणसाच्या हाडात जेवढं खनिज असतं, त्यातला सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढण्याच्या दोन वर्षांत बसतो. मुलींमध्ये ही दोन वर्षं साधारण बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास येतात, मुलांमध्ये चौदाच्या आसपास. अठरा-वीस वर्षांपर्यंत बहुतेक हाड भरून झालेलं असतं. पुढे आयुष्यभर तीच ठेव मोडून खायची असते. म्हणजे मुलींचा सगळ्यात भुकेचा काळ सहावी ते आठवीत, शाळेचं जेवण चालू असतानाच येतो. मुलांचा नववीत शिरतो, आणि नववीला जेवण बंद. हा दुसरा भाग जिल्हा परिषदेच्या हातात नाही, पहिला आहे.

यावर नाचणीचं सत्त्व वाटा, असं उत्तर अनेकदा येतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं. पण ती आपल्या काळ्या रानात होत नाही, आपल्या चुलीवर रोजची नाही, आणि पुरवठा अडला की योजना अडते. आपल्या शिवारात त्याहून भारी किंवा त्याच्या जवळपास जाणाऱ्या वस्तू पडून आहेत. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला ११०० ते १३०० मिलिग्रॅम, कारळात सुमारे ३००, हुलग्यात २७० ते २९०, शेवग्याच्या पाल्यात ३०० च्या वर, हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीत ३०० ते ३५०, सोयाबीनमध्ये दोनशेच्या पुढे-मागे. सोयाबीनची गंमत अशी की लातूरच्या आडतीत ते ट्रकांनी येतं, तेलाच्या कारखान्यात जातं, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात कधीच येत नाही.

आमची पहिली मागणी चटणीची आहे. शंभर मुलांसाठी एक किलो तीळ आणि अर्धा किलो कारळ, कारळ न मिळाल्यास जवस. पाव किलो लसूण, बेताचं तिखट, मीठ चाळीस ग्रॅमच्या आत. हे मीठ चटणीपुरतं झालं, तेवढंच खिचडीत कमी टाकायचं. जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर घेऊन जातं. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं ही मर्यादा मोठ्यांची आहे. मुलांची त्याहून कमी. तीळ घ्यायचे ते करड्या-तांबूस रंगाचे, साल असलेले. दुकानातले पांढरेशुभ्र सोललेले तीळ लाडवाला छान दिसतात, पण सालीबरोबर बरंचसं कॅल्शियम गेलेलं असतं. तीळ आणि कारळ वेगवेगळे भाजायचे, कारण दोन्हींचा दाणा आणि भाजण्याची वेळ वेगळी. मंद आचेवर, तीळ तडतडू लागले आणि रंग एक छटा गडद झाला की लगेच परातीत काढायचे. गरम कढईत तसेच राहिले तर दोन मिनिटांत करपतात, चटणी कडू होते, आणि मुलं ती ताटाच्या कडेला सारतात. पूर्ण थंड झाल्यावरच कुटायचे. गरम दळले तर तेल सुटून गोळा होतो आणि तो लवकर खवट होतो. कुटणं किंवा दळणं टाळू नका: अख्खा तीळ दातातून निसटला की पोटातून तसाच बाहेर पडतो. आठ दिवसांपेक्षा जास्त साठा करू नये, पावसाळ्यात चारच दिवस पुरेल एवढाच.

वाढायचं माप दर मुलाला १७-१८ ग्रॅम. एकदा वजनकाट्यावर मोजून चमच्यावर खूण करून ठेवा. नाहीतर पहिल्या रांगेला डाव भरून आणि शेवटच्या रांगेला चिमूटभर, हे ठरलेलंच. या १७-१८ ग्रॅममधून सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. तिळाच्या सालीतलं कॅल्शियम बरंचसं ऑक्झॅलेट नावाच्या घटकाशी बांधलेलं असतं, म्हणून ते दुधा-ताकाइतकं अंगी लागत नाही. पालक आणि चुक्याचंही तेच, त्यांच्यातल्या कॅल्शियमचा अगदी थोडा भाग शरीरात उतरतो. पालकाला आमचा विरोध नाही, पण ‘हाडांसाठी पालक’ हा फलक शाळेच्या भिंतीवरून काढलात तर बरं. एकट्या तिळावर विसंबून राहता येत नाही, म्हणून चटणीबरोबर पाला आणि कडधान्यही हवं.

पाल्यासाठी शेवगा. शंभर मुलांना दोन किलो निवडलेला पाला पुरतो. कोवळी पानं ओरबाडून घ्यायची, मधला दांडा टाकून द्यायचा (तो घशात अडकतो आणि मग पुढच्या वेळी मूल पाल्याकडे बघत नाही), आणि पाला खिचडी उतरवायच्या पाच मिनिटं आधी घालायचा. सुरुवातीला दोन किलो एकदम घालू नका. पहिल्या आठवड्यात अर्धा किलो, दुसऱ्या आठवड्यात एक, मग दोन. चव अंगवळणी पडते.

शाळेच्या परसबागेत शेवगा लावताना आपल्या भागात एक चूक हमखास होते. भारी काळ्या जमिनीत खड्डा करून रोप लावतात, श्रावणात खड्ड्यात पाणी साचतं, मुळं कुजतात आणि रोप जातं. शेवग्याला पाणी कमी चालतं, साचलेलं अजिबात चालत नाही. दीड-दोन फूट उंच मातीच्या गादीवर किंवा कुंपणाच्या बांधावर, मुरूम मिसळून लावा. झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी तीन-चार फुटांवर छाटत राहा. शेंगांचा मोह सोडायचा, आपल्याला पाला हवा. अशी वीस झाडं शंभर मुलांच्या शाळेला आठवड्यातून दोनदा पाला पुरवू शकतात. उन्हाळ्यासाठी पाला सावलीत वाळवून पूड करता येते, कडक उन्हात वाळवला तर अ जीवनसत्त्व जातं.

कडधान्यात मटकीच्या बरोबरीने हुलगे आणि अख्खा हरभरा आणा. बारा तास भिजवून मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं. हा पदार्थ कॅल्शियम, लोह आणि जस्त यांना धरून बसतो, तो कमी झाला की ते मोकळे होतात. हुलग्याचं माडगं घरातल्या आजीला येतं, स्वयंपाकी ताईंना शिकवायला कुणी तज्ज्ञ नको. सोयाबीन मात्र कच्चं दळून पिठात मिसळू नका, पचनात अडथळा आणणारे घटक त्यात असतात. वीस-पंचवीस मिनिटं उकळून, कडक वाळवून, मगच दळायचं, आणि दहा किलो ज्वारीच्या पिठात एक किलोपेक्षा जास्त नको.

हे सगळं नवीन वाटू नये. लातूर-धाराशिवकडे येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, रानात जे जेवण होतं, ते हाडांच्या हिशेबाने पाहा: ओला हरभरा, तुरीचे दाणे, भुईमूग आणि पालेभाज्यांची भज्जी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील. वर्षातून एकदा आपण बरोबर जेवतो. आंबील शाळेतही जमते. शंभर मुलांना एक किलो ज्वारीचं पीठ, चार लिटर दही घुसळून केलेलं दहा-अकरा लिटर ताक, लसूण, जिरं. पीठ रात्री थोड्या ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवून गार करायचं आणि उरलेलं ताक वरून घालायचं. ताक घालून उकळलं तर फाटतं. आठवड्यातून दोनदा वाटीभर आंबील म्हणजे दर वेळी पन्नासेक मिलिग्रॅम, आणि ते चांगलं अंगी लागणारं. चैत्र-वैशाखात रात्री आठ तास ठेवलं तर फार आंबतं, चार-पाच तास पुरे.

चटणी, पाला, मोडाचं कडधान्य मिळून थाळी ३५-५० वरून अडीचशेच्या घरात जाते. दिवसाच्या गरजेचा चौथा ते तिसरा हिस्सा. आठवड्याची थाळी परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाकडून एकदा तपासून घ्यावी, ही सूचना.

अंड्याबद्दल दोन वाक्यं, कारण वाद त्यावरच होतो. अंड्यात कॅल्शियम फार नाही (ते कवचात असतं), पण उत्तम प्रथिनं आणि बलकात थोडं ड जीवनसत्त्व असतं, आणि पाठीचे स्नायू प्रथिनांवरच उभे राहतात. राज्याचा त्यासाठीचा निधी २०२५ च्या सुरुवातीला थांबला आणि भार लोकसहभागावर आला. जिथे गाव ते करू शकतं तिथे करावं. जिथे नाही, तिथे शेंगदाणे आणि मोडाचं कडधान्य वाढवावं.

आरोग्य विभागासाठी एक बारीक पण महत्त्वाची बाब. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते. त्या दिवशी जेवणात आंबील आणि तिळाची चटणी ठेवू नका, कॅल्शियम लोहाला नीट आत जाऊ देत नाही. त्या दिवशी लिंबू द्या. हाच घोळ गरोदर बायांच्या बाबतीत रोज होतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच पाकिटात हातात पडते आणि एकाच घोटाबरोबर पोटात जाते. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दोन वेगवेगळ्या जेवणांबरोबर; लोहाची त्यांच्यापासून किमान दोन तास लांब, रात्री झोपताना घेतली तर सोपं. आशाताईंना हे सांगून पाकिटंच वेगळी करायला लावा. आणि मुतखड्याच्या भीतीने दूध, तीळ, ताक बंद करण्याची जी रीत पडली आहे, तीही मोडायला हवी. जेवणातलं नेहमीच्या प्रमाणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून बाहेर नेतं, त्याने खड्याचा धोका घटतो. खड्यांचं मोठं कारण कमी पाणी पिणं, आणि ते का कमी प्यायलं जातं हे टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला सांगायला नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख केल्याशिवाय बीड-धाराशिवचं काही पूर्ण होत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं चालतात, तिथे दोन्ही वेळचं जेवण आपणच देता, चटणीचं माप तिथेही लागू करा. या बायकांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, समिती नेमली गेली. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढलं गेलं असेल तर पस्तिशीतच हाडाची झीज सुरू होते, आणि डोक्यावर उसाची मोळी तशीच असते. अशा बायांची यादी उपकेंद्राकडे असावी आणि त्यांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचा सल्ला डॉक्टरांकडून मिळावा. पन्नाशीत त्यांच्या पाठीला येणारा पोक हा ‘वयाचा’ नसतो, मणके दबलेले असतात.

आता ऊन. ‘कोवळं ऊन हाडांना चांगलं’ हे इतकं पक्कं बसलंय की त्याविरुद्ध बोलणं जड जातं. सकाळी सातच्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते किरण पोचू लागले. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड. म्हणून हिवाळ्यात शारीरिक शिक्षणाचा तास साडेअकराला, उघड्यावर, आठवड्यातून चार दिवस अर्धा तास ठेवा, स्वेटर काढून. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो, दहा मिनिटांनी भागत नाही. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत हाच तास साडेनऊ-दहाला संपवा, दुपारच्या उन्हात मुलांना उभं करण्याचा आमचा आग्रह मुळीच नाही.

त्या तासात कवायतीपेक्षा उड्या हव्यात. हाड धक्क्याला उत्तर देतं. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, दहा मिनिटं जोमाने, आठवड्यातून तीनदा. खाल्लेलं कॅल्शियम हाडात नेऊन बसवायचं काम या उड्या करतात.

बसण्याचं बोलायचं तर, नुसता आहार सुधारून कुबड काढून बसणारं मूल ताठ होणार नाही. बस्करावर मांडी घालून, वही मांडीत घेऊन लिहिताना पाठीची कमान होणारच, मूल आळशी आहे म्हणून नव्हे. बस्कराची घडी करून बुडाखाली दोन-तीन इंच उंची द्या, गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. वहीखाली आठ-नऊ इंच उंचीची, मुलाकडे किंचित उतरती फळी. गावातला सुतार जुन्या बाकांच्या फळ्यांतून त्या करून देईल. बाक असतील तिथे पाय लोंबकळत असल्यास खाली एक आडवी पट्टी ठोका. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको हे २०२० चं धोरण आहे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. त्यात घरून आणलेलं एक लिटर पाणी एक किलो खातं. शाळेत प्यायला चांगलं पाणी असेल तर दप्तर आपसूक हलकं होईल.

आणि त्या पाण्यावरच सगळं अडतं. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवट भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा जुना त्रास आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्यापुढे आधी दातांवर खडूसारखे पांढरे डाग, मग तपकिरी रेघा, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर सांधे आखडतात, कणा ताठरतो, गुडघे वाकतात. इथे ताठ पाठ हे आरोग्याचं लक्षण नव्हे. गुडघे न वाकवता पायाची बोटं शिवणं, हनुवटी छातीला लावणं, दोन्ही हात डोक्यामागे नेणं, या तीन गोष्टी शिक्षकही वर्गात करून पाहू शकतात. न जमणाऱ्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. जलजीवन मिशनच्या पाणी तपासणी संचाने शाळेच्या प्रत्येक स्रोताची चाचणी पावसाळ्याआधी आणि नंतर करून आकडा फळ्यावर लिहा. अशा गावांत कॅल्शियम आणि आवळा-लिंबू दुप्पट गरजेचे, कारण पोटात कॅल्शियम असलं की ते फ्लोराइडला धरून ठेवतं, उपाशी पोटी फ्लोराइड जास्त शोषलं जातं.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या शिबिरं भरवून सरसकट वाटू नयेत, आणि ताकदीच्या इंजेक्शनांना आरोग्य केंद्राने थारा देऊ नये. ज्या मुलाचे पाय बाहेर वाकलेत, मनगटं फुगलीत, पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसते किंवा रात्री पाठ दुखून जाग येते, त्याला चटणी नव्हे, डॉक्टर हवा.

परिपत्रक निघायला वेळ लागेल, हे आम्ही धरून चाललो आहोत. शाळा व्यवस्थापन समितीने मात्र येत्या सोमवारी एक किलो तीळ, एक वजनकाटा आणि खुणेचा एक चमचा शाळेत आणून ठेवावा. लोहाची गोळी सोमवारी असेल तर मंगळवारपासून वाढावं.

आपले,
मराठवाड्यात काम करणारे काही आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि अस्थिरोगतज्ज्ञ